शब्दचर्चा: 'क्वांटम डॉट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पेशींच्या चित्रणावरच्या मजकुरात 'फ्लुओरेसंट क्वांटम डॉट'साठी (पेशींवर खूण म्हणून वापरायचे, अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे कण) 'चमकणारे पुंजबिंदू' चालेल का?

उत्तर १ : 'पुंज' ठीक, 'पुंजयामिकी' (क्वांटम मेकॅनिक्स) रुळलेलाच आहे. 'बिंदू' मात्र नको. भूमितीतल्या बिंदूला आकारमान नसते आणि इथे सगळा खेळ आकारमानाचाच. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर उजळतो, ६ चा लाल, पदार्थ तोच. म्हणून 'पुंजठिपका'. आणि चमकते ते घासलेले भांडे, दुसऱ्याच्या उजेडावर. हा कण जांभळा किंवा अतिनील प्रकाश शोषतो आणि आपल्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो. त्याला 'अनुस्फुरक' म्हणावे. ('प्रस्फुरण' वेगळे, तिथे दिवा मालवल्यावरही उजेड रेंगाळतो.)

उत्तर २ : प्रयोगशाळेत सगळे 'डॉट'च म्हणतात, त्यामुळे नामावर फार अडू नये. घोळ होतो तो क्रियापदांत. फोटोब्लीचिंगला (प्रकाशाच्या माऱ्याने उजळणे कायमचे जाण्याला) सर्रास 'विरंजन' लिहितात, पण विरंजन मुद्दाम करतात. इथे 'विटणे' हवे: फ्लुओरेसिन हा नेहमीचा अनुस्फुरक रंग प्रखर प्रकाशात काही मिनिटांत विटतो, डॉट कितीतरी जास्त टिकतो. एकटा डॉट मात्र लुकलुकतो, म्हणून एकेका रेणूचा माग काढताना रेघ मध्येच तुटते. आणि द्रावणात तांब्याचे आयन आले तर तो विझतो. विटणे, लुकलुकणे, विझणे: तिन्हींना 'प्रकाश कमी होणे' लिहिले तर वाचणाऱ्याने नेमके काय दुरुस्त करायचे?

उत्तर ३ : तसेच 'कवच' आणि 'लेप'. कवच म्हणजे कणाच्या गाभ्याभोवतीचा थर, झिंक सल्फाइडचा. ते अपुरे पडले की उजेड मंदावतो, कॅडमियम झिरपण्याची भीती वाढते. त्यावरचा पॉलिमरचा लेप सुटला की पाण्यात गुठळ्या होतात. म्हणून कुपी ४ अंश सेल्सिअसला ठेवावी, गोठवू नये. वापरण्यापूर्वी सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) वरचे द्रावण घ्यावे, तळचा गाळ सोडावा. नाहीतर पेशीवर पडलेली गुठळी ठळक खूण म्हणून मोजली जाते.

प्रश्नकर्ता : आणि 'औषधी उपयोग'?

उत्तर १ : 'निदानातील उपयोग' लिहा, तोही मुख्यतः शरीराबाहेर काढलेल्या नमुन्यांवर. लेप आणि प्रतिपिंड (कणाला ठराविक लक्ष्यावर चिकटवणारे प्रथिन) धरून कण सहज १५-२० नॅनोमीटरचा होतो. मूत्रपिंडातून गाळून जायला तो साधारण ५.५ च्या आत हवा. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत अडकून राहतात, आणि आत कॅडमियम आहे.