सरकारनं एका चित्रासाठी 13 लाख डॉलर मोजावेत का?

तापीकाठ (जळगाव): ऑस्ट्रेलिया सरकारनं 1973 साली अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं ‘ब्लू पोल्स’ 13 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं. ओतलेले, शिंपडलेले रंग आणि वर आठ निळे खांब. तिथं या खर्चावरून रान पेटलं होतं, आणि माझ्या मते लोकांचं बरोबर होतं. ज्या राष्ट्रीय कलादालनासाठी घेतलं त्याची इमारत उघडली 1982 ला! इथं भाव नाही म्हणून कापूस घरात पडून असताना आपल्या सरकारनं असं चित्र घेतलं तर चालेल?

केळीबाग (रावेर): भाऊ, 2016 मध्ये त्याच चित्राची किंमत सुमारे 35 कोटी डॉलर धरली गेली. पैसे बुडाले कुठं?

तापीकाठ: विकायचं नसेल तर वाढलेल्या भावाचा उपयोग काय? 2016 लाच एका खासदारानं ‘विका आणि कर्ज फेडा’ म्हटलं, ते झालं का?

चाळीसगावकर: दोघंही पैशातच अडकलात. कलादालनाच्या संचालकांना 10 लाखांपर्यंतच खरेदीचा अधिकार होता, म्हणून फाईल पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे गेली. त्यांनी मंजुरी दिली आणि किंमत जाहीर करायला लावली. वर त्या वर्षीच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर तेच चित्र छापलं! आपल्याकडे चौकातल्या कारंज्याचा खर्च कळायला माहिती अधिकारात अर्ज टाकावा लागतो. राग यायचा तर याचा यावा.

धुळेकर: पण चित्रकार परका का? आपल्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, चित्रं, फोटो, सगळं. धुळ्याची गाडी बदलायला उतरलेले कितीजण तिथं डोकावतात? आधी आपलं जपा.

चाळीसगावकर: मूस यांच्यासाठी पैसा मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आपल्या पोरांनी जगातलं चित्र फक्त मोबाईलवर बघायचं का? ‘ब्लू पोल्स’च्या रंगात काचेचे तुकडे रुतलेत. थरावर थर चढलेत. ते समोर उभं राहिल्यावरच कळतं, आणि परदेशवारी सगळ्यांना परवडत नाही.

तापीकाठ: किंमत जाहीर करण्याचा मुद्दा पटला. पण ती मंजुरीआधी सांगा. नंतर सांगून आम्ही करणार काय?

केळीबाग (रावेर): आधी आकडा फुटला तर विकणारा अडून बसतो, केळीच्या सौद्यात आम्ही रोज बघतो. वर्षाला कलेवर किती खर्च करणार ते बजेटमध्ये आधी सांगा, चित्राची किंमत व्यवहार झाला त्याच दिवशी.