सातव्या खोलीत हिरो आपोआप उजवीकडे सरकतो. गेम सोपा करू का?

उडीबाज:
एनईएससाठी (निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल) प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, लिहितोय, थेट प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत. नोकरी सांभाळून रात्रीचं काम, अकरा महिने झाले. 'बॅटल किड' (२०१०) खेळून डोकं फिरलं होतं, म्हणून आपल्याही गेममध्ये एका फटक्यात मरण. सातव्या खोलीत खाली सगळे काटे, वर तीन विटा, प्रत्येक जेमतेम १६ पिक्सेल रुंद. धाकटा भाऊ तिथे चाळीसेक वेळा मेला, कंट्रोलर आपटला आणि म्हणाला, "मी उजवं दाबलंच नव्हतं!" मी हसलो. हरणारा असंच म्हणतो.

काल मी स्वतः तसाच मेलो. विटेवर उभा होतो, अंगठा बटणावर नव्हताच, शपथ. लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये (कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) असं एकदाही झालेलं नाही. खऱ्या कन्सोलवर मात्र दर दोन-तीन मिनिटांनी. कंट्रोलर बदलून पाहिला, तेच. विटा रुंद करू का?

आठबिटी:
कोयोटी टाइम दिलाय का? कडेवरून पाय सुटल्यावरही ५ फ्रेम उडी चालू द्या. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. खेळणाऱ्याला कळतही नाही, पण शिव्या निम्म्या होतात.

तारजोड:
थांबा, विटांना हात लावू नका. सरकतो तो उजवीकडेच ना? डावीकडे कधीच नाही? आणि संगीतात ड्रमचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, आहेत का?

उडीबाज:
उजवीकडेच. ड्रम आहेत, सातव्या खोलीपासूनच ती चाल सुरू होते. पण ड्रमचा आणि काट्यांचा काय संबंध?

तारजोड:
तोच चोर. सॅम्पल वाजवणारा डीएमसी चॅनेल पुढचा बाइट मेमरीतून उचलताना प्रोसेसरला क्षणभर अडवतो. नेमकं तेव्हाच तुमचा कोड कंट्रोलर वाचत असेल, तर कंट्रोलरला 'पुढचं बटण सांग' असा एक ठोका जास्तीचा जातो आणि एक बटण वाचायचं राहून जातं. वाचायचा क्रम आठवा: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. मधलं एक गळलं की मागची सगळी एकेक घर पुढे सरकतात. शेवटचं घर उजव्याचं, ते रिकामं पडतं. आठ बटणं संपल्यावर कंट्रोलर नुसते १, म्हणजे 'दाबलंय', पाठवत राहतो, त्यातला एक तिथे येऊन बसतो. झालं, हिरो काट्यांत.

उपाय जुनाच आहे. एकाच फ्रेममध्ये कंट्रोलर दोनदा वाचा, जुळलं नाही तर पुन्हा वाचा, लागोपाठ दोन वाचनं सारखी आली की मगच माना. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'सुद्धा हेच करतो. पाल कन्सोलच्या (युरोपातल्या टीव्हींसाठीचा प्रकार) चिपमध्ये हा दोष दुरुस्त केलेला आहे, तिथे तपासलंत तर काहीच सापडणार नाही. आणि एम्युलेटर बदला. मेसेन हा घोळ जसाच्या तसा दाखवतो.

आठबिटी:
हे मला माहीत नव्हतं. तरी पाच फ्रेम द्याच.

उडीबाज:
लागू पडलं! तासभर नुसता विटेवर उभा राहिलो, हिरो जागचा हलला नाही. विटा होत्या तेवढ्याच ठेवल्यात. आठबिटी, तीन फ्रेम देतो, पाच नाही.

भावाची माफी मागितली. तो आता नवव्या खोलीत अडकलाय. तिथे मात्र उजवं त्यानेच दाबलं होतं, कबूल केलंय.