रविवारची मॅच आणि मिस्सा

बेळगावात हायस्कूलच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. या महिन्यात सगळ्या मॅच रविवारी सकाळी, मिस्सा (चर्चमधली रविवारची सामूहिक उपासना) चुकते. जिवाला लागतं. मॅचआधी पोरं रिंगण करून उभी राहतात, तेव्हा माझा हात खिशातल्या रोझरीवर (जपमाळेवर) असतो. बहुतेक पोरं हिंदू-मुस्लिम. मोठ्यानं प्रार्थना घ्यावी का?

उत्तर : सर, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, चर्चचा नियमच आहे (कॅनन १२४८, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम). फादरना वेळ विचारा.

उत्तर : मोठ्यानं नको. आमचे सर कॅथलिक, उपदेश कधीच केला नाही. राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळावर राख घेऊन थेट मैदानावर यायचे, उपवास असूनही आमच्याबरोबर पळायचे. पेनल्टी हुकलेल्या पोराला आधी जवळ घ्यायचे.

प्रश्नकर्ता : शनिवारी प्रॅक्टिस अर्धा तास आधी सोडतो. रोझरी खिशातच राहील.