वजन कमी करण्याचा गटवर्ग: व्हिडिओवर घ्यावा की समोरासमोर?

निशिगंध:
सांगलीत १२ जणांचा गट घेऊन २४ आठवड्यांचा वर्ग सुरू करायचा आहे. सात जण शहरातले, पाच जण जत-आटपाडीकडचे. त्यांना दर आठवड्याला येणं-जाणं परवडणार नाही. तिघांना मधुमेहाची औषधं चालू आहेत. सगळ्यांना व्हिडिओवर घ्यावं, की शहरातल्यांना समोर बसवून बाकीच्यांना लॅपटॉपवरून जोडावं? आणि वजनाच्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा?

डोंगरवाट:
निम्मे समोर, निम्मे लॅपटॉपवर हा घोळ घालूच नका. टेबलावरच्या लॅपटॉपला जवळच्या दोघांचंच बोलणं नीट पोचतं, खोलीतले हसले की पलीकडे नुसता गलका ऐकू येतो, आणि हळूहळू जतची मंडळी कॅमेरा बंद करून बसतात. त्या दिवशी एकतर सगळे समोर, नाहीतर सगळे आपापल्या घरून.

पहिला, बारावा आणि शेवटचा वर्ग सांगलीत घ्या, बाकीचे व्हिडिओवर. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मनातलं बोलू लागलेलं असतं. एक तासाचा वर्ग असेल तर पैसे भरलेलं खातं घ्या.

२४ आठवड्यांवर मात्र थांबू नका. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मधुमेह टाळण्याबद्दलच्या अभ्यासाचं उद्दिष्ट होतं ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. २००२ साली निकाल आला, तेव्हा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिलेल्या गटाच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. त्यावर बेतलेला तिथला राष्ट्रीय कार्यक्रम वर्षभराचा आहे: पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ बैठका, पुढच्या सहांत किमान ६. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे ५.६ किलो. एवढंच सांगा, पंधरा किलोची स्वप्नं दाखवू नका.

प्राजक्त:
वजनाबद्दल. व्हिडिओवरच्या वर्गाची खरी गळती इथेच होते. काटा सतरंजीवर किंवा चटईवर ठेवला की आकडा चुकतो; फरशीवर, चारही पाय टेकलेले हवेत. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत, आठवड्यातला एकच ठरलेला वार.

घरचा काटा आधी तपासून घ्या. नुसतं उभं राहून वजन पाहा, मग पाच किलोच्या आट्याच्या दोन बंद पिशव्या हातात घेऊन पुन्हा उभं राहा. फरक १० किलोच्या आसपास यायला हवा. बराच कमी-जास्त आला तर सेल बदला, तरीही तसाच राहिला तर काटा बदला. घरचा काटा आणि तुमच्या केंद्रातला काटा यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. दोन वेगळे रकाने ठेवा.

आकड्याचा फोटो फक्त तुम्हाला पाठवायचा, व्हॉट्सअॅप गटावर नाही. गटावर टाकायला लावलं की ज्यांचं वजन वाढलंय ते त्या आठवड्यात वर्गालाच येत नाहीत. कंबरेचा घेर मात्र स्वतः, समोर, टेपने घ्या. व्हिडिओवर टेप मागच्या बाजूला खाली घसरलेली कळत नाही.

निशिगंध:
हे अगदी उपयोगी पडेल. मग व्हिडिओचा फायदा नुसता प्रवास वाचण्याचाच का?

प्राजक्त:
नाही हो ताई, स्वयंपाकघर दिसतं! केंद्रात "एक भाकरी खाते" असं ऐकू येतं. कॅमेऱ्यासमोर तीच भाकरी ताटभर निघते. भाकरीचं कोरडं पीठ मळण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सांगा. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठात साधारण १७० कॅलरी, ८० ग्रॅममध्ये २७० च्या पुढे. तेलाचं तर महिन्याच्या किराण्यावरूनच कळतं: चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर म्हणजे माणशी रोज सुमारे ३३ मिली, जवळजवळ २७० कॅलरी. हा हिशेब डबा हातात घेऊन झाला की वेगळं व्याख्यान लागत नाही.

डोंगरवाट:
मधुमेहाच्या तिघांबद्दल. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून डोस बघून घेणं सक्तीचं करा, नाहीतर साखर एकदम उतरते. समोर बसलेल्याला घाम फुटला की लगेच दिसतं, पडद्यावर दिसत नाही. म्हणून नावनोंदणीतच घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर आणि पत्ता लिहून घ्या, आणि वर्गाला बसताना साखर हाताशी ठेवायला सांगा.

व्यायामाच्या वेळी फोन डब्याला टेकवून जमिनीलगत, दोन-अडीच मीटर लांब, बाजूने ठेवायचा. समोरून पाहिलं तर खुर्चीतून उठताना गुडघा किती पुढे जातो ते कळत नाही.

निशिगंध:
एक राहिलंच. घरात सासू-सासरे त्याच खोलीत असले की बायका बोलतच नाहीत. त्याचं काय करता?

प्राजक्त:
दुपारी तीनची वेळ आणि इअरफोन. आणि प्रश्न असे विचारा की हो-नाही किंवा आकड्यात उत्तर देता येईल: "काल जेवणानंतर पुन्हा काही खाल्लं? बोटांनी दाखवा, किती वेळा." सविस्तर बोलायचं असेल त्यांना वर्गानंतर दहा मिनिटं एकेकीला फोन करा. गट बारापेक्षा मोठा केलात तर हे जमायचं नाही. फोनच्या पडद्यावर मोजकेच चेहरे दिसतात आणि गप्प बसलेली बाई नजरेतून सुटते.