महागडा ओएलईडी टीव्ही आता घ्यावा का? मदत हवी आहे

कोल्हापुरातील राजारामपुरीत असलेल्या आमच्या घरासाठी ५५ इंची टीव्ही घ्यायचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे ओएलईडीचा विचार करण्याचे धाडस होत आहे. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो, हे मान्य. परंतु आमच्या बैठकीच्या खोलीत सायंकाळी पश्चिमेचे ऊन थेट येते आणि वडिलांच्या बातम्या दिवसभर चालू असल्याने वाहिनीचे बोधचिन्ह व खालची पट्टी पडद्यावर कायमची उमटण्याची, म्हणजेच बर्न-इनची, भीती वाटते. मुलांना मात्र रात्री फुटबॉल पाहायचा असतो, आणि कोल्हापूरच्या पेठांमधील संघांच्या फुटबॉल सामन्यांवर वाढलेल्या घरात तो मुद्दा डावलता येत नाही! अशा संमिश्र वापरासाठी मिनी-एलईडी, म्हणजे पडद्यामागे असंख्य बारीक दिवे असलेला एलसीडी टीव्ही, अधिक योग्य ठरेल काय? केबलवरील बहुतेक वाहिन्या अजूनही एचडी किंवा त्याहून कमी दर्जाच्या असताना महागड्या पडद्याचा फरक जाणवतो का? ज्यांनी असा टीव्ही काही वर्षे वापरला आहे, त्यांनी बर्न-इन वॉरंटीत धरले जाते का आणि कोल्हापुरात पॅनेल बदलून मिळण्यास किती वेळ लागतो, हे कृपया सांगावे.