डेटोना ५००: पहिल्या दोन टप्प्यांत पूर्ण वेग का नाही?

प्रश्न: डेटोना ५०० ही अमेरिकेतली २०० फेऱ्यांची मोटार शर्यत, पण सुरुवातीला घोळक्यातले चालक मुद्दाम अॅक्सिलरेटर सोडतात. जागा तर कुणीच सोडत नाही. मग हे काय गणित आहे?

प्रतिसाद १: पेट्रोलचं. २०२२ पासून चाकाला एकच नट आहे, त्यामुळे टायर झटपट बदलतात. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी टायर-पेट्रोलसाठी थांबतात तिथे) गाडी अडते ती टाकी भरेपर्यंत. आधी वाचवलंत तर भरायचं कमी, आणि दोन सेकंद लवकर सुटलात तरी कितीतरी गाड्यांच्या पुढे निघता. सगळ्यात जास्त जळतं ते पहिल्या गाडीचं, कारण हवा तीच कापते. मागच्यांना आडोसा मिळतो.

प्रतिसाद २: बरोबर. पण एकटं लवकर पिटमध्ये जाऊ नका! आडोसा गेला की वेग पडतो आणि घोळका फेरीने पुढे जातो. म्हणून एकाच कंपनीच्या गाड्या मिळून आत येतात.

प्रश्नकर्ता: आणि शेवटी एवढे अपघात का?

प्रतिसाद १: तेव्हा वाचवायचं काही उरत नाही, सगळे ढकलतात. ढकलताना बंपर मधोमध टेकला पाहिजे. कोपऱ्याला लागला, त्यात वळण असलं, की पुढच्या गाडीची शेपटी सुटते. वळणावर ट्रॅक ३१ अंशांनी तिरका आहे, त्या उतारावर ती सावरत नाही. २०२१ ची शेवटची फेरी बघा: लोगानो आणि केसेलोव्स्की हे चालक पुढे भिडले, तिसरा मॅकडॉवेल मधून निघून जिंकला.