डीडीएनएस अपडेट ‘ॲक्टिव्हेटिंग’वरच अडकून बसतं

प्रश्न: माळ्यावरच्या रास्पबेरी पायवर (चिमुकला संगणक) घरचे फोटो ठेवलेत. घरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलला की डीडीएनएसला (बदलता आयपी कायम एकाच नावाशी जोडून ठेवणारी सेवा) कळवायला कर्लची (वेबवर विनंती पाठवणारी कमांड) पाच ओळींची स्क्रिप्ट आहे, सिस्टमडीचा (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) टायमर दर ५ मिनिटांनी ती चालवतो. पाय इन्व्हर्टरवर आहे, राउटर नाही. हल्ली लाइट जाऊन आली की घोडं अडतं. काल बहिणीचा फोन, ‘दादा, फोटो उघडत नाहीयेत.’ बघतो तर स्टेटस ‘ॲक्टिव्हेटिंग’ (म्हणजे अजून सुरूच होतंय), ९ तासांपासून! लॉगमध्ये अक्षर नाही. मारून परत चालवली की २ सेकंदांत काम होतं. मग टायमर ती परत का चालवत नाही?

उत्तर १: टायमर बिचारा निर्दोष आहे. आधीची फेरी संपल्याशिवाय सिस्टमडी तीच सर्व्हिस नव्याने सुरू करत नाही, आणि ‘वनशॉट’ला (एकदा काम करून संपणारी सर्व्हिस, तुमची तशीच असणार) सुरू होण्याची मुदत मुळात नसतेच. कर्ल जोडणीसाठी ३०० सेकंद थांबतो, पण जोडणी झाल्यावर उत्तराची वाट जन्मभर बघतो. राउटर नेमका तेव्हाच गेला की संपलं. कर्लला ‘मॅक्स-टाइम ३०’ द्या, सर्व्हिसमध्ये ‘टाइमआउटस्टार्टसेक’ ६० करा.

उत्तर २: राउटरवरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपीही बघून ठेवा. १००.६४ ते १००.१२७ मधला निघाला तर सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते. मग डीडीएनएस कितीही धावलं तरी बाहेरून काही उघडणार नाही.

प्रश्नकर्ता: आयपी पब्लिकच आहे, हुश्श. दोन्ही मुदती घातल्या आणि स्क्रिप्ट चालू असताना राउटरचा प्लग उपटला. तिसऱ्या खेपेला वेळ जुळली: ३० सेकंदांनी कर्लचा एरर २८ (मुदत संपली), पुढच्या फेरीत अपडेट. आईची मालिका तेवढी बुडाली.